विहिरीतला हिस्सा आणि सुट्टीतला हिस्सा

आमच्या त्र्यंबकेश्वरात एक प्रश्न दिवसातून शंभर वेळा कानी पडतो. नाशिकहून अठ्ठावीस किलोमीटरचा रस्ता कापून एस.टी. येते, पिशव्या-बोचकी सांभाळीत मंडळी खाली उतरतात आणि पहिल्या भेटणाऱ्या माणसाला विचारतात, "इथं उतरायची सोय कुठं होईल हो?" देवदर्शन, कुशावर्तावरचे स्नान, ब्रह्मगिरी हे सगळे त्यानंतर. आधी डोक्यावर छप्पर आणि पाय पसरायला चार हात जागा!

पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर असे. आपापल्या तीर्थोपाध्यायांकडे जायचे. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी लाल कापडात बांधलेली वही सोडीत. तुमचे आजोबा अमुक साली आले होते, ही पाहा त्यांची सही, असे म्हणून पान पुढे करीत. मग वाड्यातली एक खोली, न्हाणीघरात कढत पाणी, दोन वेळचे पान, आणि निघताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा. पुढल्या पंचवीस वर्षांच्या मुक्कामाचे पैसे आगाऊ द्या, असे कोणी कोणाला म्हटले नाही. तरी ते संबंध सात-सात पिढ्या टिकले. आता वाड्यांच्या जागी लॉज उभे राहिले आहेत, संस्थानांची भक्तनिवासे आहेत, आणि खोलीचा भाव पंचांगाप्रमाणे हलतो. साध्या बुधवारी मालक जी खोली हजार-बाराशेला आनंदाने देतो, तीच श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी किंवा पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत तो म्हणेल त्या दराने जाते. २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थांत तर भावाची गोष्टच सोडा, ओटीवरची सतरंजीसुद्धा भाड्याने गेली.

खोल्यांचा हा बाजार लहानपणापासून पाहत आलेला मी. त्यात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्र शिकवणारा मनुष्य स्वतःच्या पैशाबाबत शहाणा असतो असा एक गैरसमज लोकांत आहे. तो दूर व्हावा म्हणूनही आजची हकीकत सांगण्यासारखी आहे.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला एका प्रदर्शनात माझ्या पत्नीने एक चिठ्ठी भरून पेटीत टाकली. नाव, फोन, घरातली माणसे, मासिक उत्पन्न. आठवड्याने फोन आला: "अभिनंदन! आपल्या कुटुंबाची निवड झाली आहे. रविवारी अमुक हॉटेलात यावे, मात्र पतिपत्नी दोघांनीही यायलाच हवे." ही दोघांची अट लक्षात ठेवा. एकटा नवरा आला तर "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो, एकटी बायको आली तर तीही तशीच सुटते. दोघे शेजारी बसले की ती पळवाट बुजते.

तासाभराचे काम म्हणून सांगितलेले बोलणे साडेतीन तास चालले. आणि बोलणारा कोण, तर माझाच जुना विद्यार्थी! "सर, तुम्ही?" म्हणून तो भर हॉटेलात पाया पडला. आता अशा पोराला नाही म्हणायचे म्हणजे किती अवघड, ते ज्यांनी वर्गात हजेरी घेतली आहे त्यांनाच कळेल.

त्याने पुढे ठेवलेली योजना अशी. टाइमशेअर म्हणतात तिला. चार लाख रुपये भरायचे, एकदम किंवा अठ्ठेचाळीस हप्त्यांत. मग पंचवीस वर्षे, दर वर्षी सात रात्री, त्या क्लबच्या कोणत्याही रिसॉर्टमध्ये चौघांच्या कुटुंबाने राहायचे. थंड हवेची ठिकाणे, समुद्रकिनारे, केरळ, राजस्थान. खोलीला लहानसे स्वयंपाकघर. खोलीभाडे शून्य. त्याशिवाय वार्षिक शुल्क म्हणून एक रक्कम दर वर्षी द्यायची. ही शेवटची गोष्ट पडद्यावर आली तेव्हा अक्षरे जरा बारीक होती, असे आमच्या हिचे म्हणणे आहे. मला चष्म्याशिवाय सगळीच अक्षरे बारीक दिसतात.

ही कल्पना काही लबाडीतून जन्मलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९६० च्या दशकात युरोपात, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सकडच्या डोंगराळ भागात ती निघाली. बर्फावर खेळायला येणाऱ्या मध्यमवर्गीयाला डोंगरात घर घेणे परवडत नाही आणि वर्षाचे एकावन्न आठवडे ते घर कुलूप लावून ठेवावे लागते. तर मग एकाच घरात पुष्कळांनी आठवड्या-आठवड्याचे हिस्सेदार का होऊ नये? विचार अगदी सरळ होता. पुढे १९७४ साली अमेरिकेत असे आठवडे आपसांत बदलून देणारी कंपनी निघाली, म्हणजे डोंगरातला आठवडा देऊन समुद्रकाठचा घेता येऊ लागला. आपल्याकडे १९८६ साली चेन्नईत स्टर्लिंगने आणि १९९६ साली महिंद्रा हॉलिडेजने हा व्यवसाय आरंभला. लाखो कुटुंबे आज अशा क्लबांची सभासद आहेत आणि त्यांतली पुष्कळशी समाधानीही आहेत. तेव्हा सरसकट नाक मुरडणे बरे नव्हे. प्रश्न एवढाच की, तुमच्या-माझ्यासारख्याच्या घराला हे पेलते का?

आमच्यापुढे हा प्रश्न मोठा होता, कारण ते चार लाख माझे नव्हतेच. वडील वारले तेव्हा त्यांच्या फंडातून उरलेली ती रक्कम आईच्या नावावर बँकेत होती. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. तिची एकच इच्छा: आम्ही दोघे भाऊ, दोन्ही सुना, नातवंडे यांनी वर्षातून एकदा एका छपराखाली आठवडाभर राहावे. धाकटा भाऊ पुण्याला. सणाला येतो तो सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो. "ते पैसे बँकेत पडून काय करायचेत? माझ्यामागं भांडणापेक्षा माझ्यादेखत फिरा," असे ती म्हणाली. माझी मुलगी त्या वर्षी सतरा वर्षांची, बारावीत. तिच्या पुढल्या शिक्षणाच्या वेळी ही रक्कम लागली तर आईने ती निःसंकोच दिली असती, हेही मला ठाऊक होते. म्हणजे एका पारड्यात आईची इच्छा आणि दुसऱ्यात पोरीची फी.

सही त्याच दिवशी करायची होती. "सर, ही सवलत आजच्यापुरतीच." मी म्हटले, "अरे, उद्याही सूर्य उगवेल ना?" तो हसला, पण खुर्ची सोडून उठला नाही. शेवटी त्याचे साहेब आले, त्यांनी आणखी थोडी सूट दिली. तेव्हा मात्र माझ्या मनात आले, जो भाव दोन तासांत तीनदा उतरतो तो मुळात भाव नव्हेच. भाजीबाजारात आपण हे सहज ओळखतो. वातानुकूलित खोलीत विसरतो. आम्ही सही न करता उठलो. घरी येऊन मी वही-पेन्सिल घेतली. तुम्हीही घ्या, हिशेब फार अवघड नाही.

चार लाख रुपये. ते क्लबला न देता बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज मिळाले असे धरू. त्यातून दर वर्षी ठरावीक रक्कम अशी काढायची की पंचवीस वर्षांनी मुद्दल आणि व्याज दोन्ही संपून खाते शून्यावर यावे, कारण क्लबातही पंचवीस वर्षांनी आपल्या हाती शून्यच राहणार. अशी रक्कम निघते वर्षाला सुमारे ३४,३०० रुपये. हा झाला पहिला खर्च. तो नजरेला दिसत नाही, कारण तो आपण एकदाच भरून विसरतो. दुसरा खर्च वार्षिक शुल्काचा. आमच्यापुढे ठेवलेला आकडा वीस हजारांचा होता. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २३,६००. दोन्ही मिळून पहिल्या वर्षी ५७,९००. सात रात्रींनी भागा. एका रात्रीला सुमारे ८,३०० रुपये पडले! "खोलीभाडे शून्य" याचा अर्थ हा असा. आणि यात गाडीभाडे नाही, जेवणखाण नाही.

आता दुसरी बाजू. मे महिन्यात डोंगरावर किंवा कोकणात चौघांना पुरेल अशी बरी खोली पाच हजारांना मिळते असे धरू. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे. म्हणजे रात्रीचे ५,२५० आणि सात रात्रींचे ३६,७५०. पहिल्या वर्षी भाड्याची खोली एकवीस हजारांनी स्वस्त.

पण थांबा. माझा विद्यार्थी इथे एक मुद्दा काढील आणि तो खरा आहे. हॉटेलचे भाडे दर वर्षी वाढते. क्लबचे चार लाख मात्र एकदाच. बरोबर. म्हणून मी दोन्हीकडे न्याय केला. हॉटेलभाडे वर्षाला सहा टक्के वाढवले आणि क्लबचे वार्षिक शुल्कही सहा टक्केच वाढवले. पंचविसाव्या वर्षी ते शुल्क करासह साडेपंच्याण्णव हजारांवर जाते, हे जाता जाता ध्यानात घ्या. असा सारा तक्ता मांडला तेव्हा निकाल आला तो मजेदार. पहिली सतरा वर्षे भाड्याची खोली स्वस्त. अठराव्या वर्षापासून क्लब स्वस्त! सगळी पंचवीस वर्षे आजच्या रुपयांत मोजली तर क्लब सुमारे लाखभर रुपयांनी महाग पडतो. तोही एक वर्षसुद्धा न चुकवता, सातही रात्री वापरल्या तर. सातांऐवजी पाचच रात्री गेलात तर पहिल्याच वर्षी रात्रीचा भाव साडेअकरा हजारांच्या वर जातो. वर्षाआड गेलात, आणि चुकलेले दिवस पुढे वापरता आले नाहीत, तर साडेसोळा हजारांच्या घरात.

मला लाखाच्या आकड्याने तितके अडवले नाही जितके त्या अठराव्या वर्षाने. मी आईला म्हटले, "अठराव्या वर्षी तुझी नात पस्तीस वर्षांची असेल. मी निवृत्त झालेलो असेन. आणि तू..." पुढे बोललो नाही. आई शांतपणे म्हणाली, "एकोणनव्वद. बोल की, त्यात काय?" ज्या वर्षी हा व्यवहार फायद्यात येतो, त्या वर्षी ज्या माणसांसाठी तो करायचा ती सगळी एका छपराखाली असण्याचा संभव फार थोडा. हिशेबाच्या वहीत असा रकाना नसतो. तो आपला आपण आखून घ्यावा लागतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपण चार लाखांना विकत काय घेतो?

माझ्या मामांचे गाव दिंडोरी तालुक्यात. तिथे चार भावांत एक विहीर होती. सातबाराच्या उताऱ्यावर प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. आठ दिवसांत ज्याची त्याची दोन दिवस पाण्याची पाळी. काळ वाटून घेण्याची ही विद्या आपल्या शेतकऱ्याला युरोपने शिकवलेली नाही! बागलाणात मोसम नदीवर आणि पलीकडे धुळ्याकडे पांझरेवर फडाची पद्धत शतकानुशतके चालत आली. पाटकरी प्रत्येकाच्या वाफ्याला ठरल्या क्रमाने पाणी देई आणि ज्या वर्षी नदीला पाणी कमी त्या वर्षी गावच ठरवी की यंदा कमी फड भिजवायचे. पाणी पाहून वचन द्यायचे, हा तिथला कायदा.

मामांच्या त्या विहिरीकडे पाहिले म्हणजे तीन गोष्टी दिसतात. एक, हिस्सा मालकीचा होता. मामांनी पुढे एक तुकडा विकला तेव्हा विहिरीतल्या हिश्शासकट विकला आणि त्याचा चढा भाव आला. दोन, मोटार जळली, वाइंडिंगला किती गेले, ते चारही भाऊ काठावर उभे राहून पाहत. खर्चाचा आकडा कोणी दुरून कळवीत नसे. तीन, हिस्सेदार चारच होते. पाचवा घ्यायचा तर चौघांची संमती हवी.

सुट्टीच्या क्लबात या तिन्ही गोष्टी बहुधा उलट असतात. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत तुम्हाला मिळतो तो राहण्याचा परवाना. जमीन नाही, भिंत नाही, दाराची कडीही नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर हस्तांतराचे शुल्क पडते, आणि गिऱ्हाईक मिळाले तर भरल्या रकमेच्या किती अंशाला मिळेल, ते जुन्या सभासदत्वांच्या जाहिराती चाळून पाहा. वार्षिक शुल्क किती वाढवायचे ते कंपनी ठरवते. आणि नवे सभासद किती करायचे तेही तीच ठरवते. गंमत अशी की, कंपन्यांच्या ताळेबंदातही ही गोष्ट आता स्वच्छ दिसते. १ एप्रिल २०१८ पासून लेखा-मानक ११५ लागू झाले, तेव्हापासून महिंद्रा हॉलिडेजसारखी कंपनी सभासदाने भरलेली रक्कम एकदम उत्पन्न म्हणून दाखवत नाही. सभासदत्वाच्या वर्षांवर थोडी थोडी वाटून दाखवते. म्हणजे विकणाऱ्याच्या वहीत ते पुढल्या सेवेचे आगाऊ पैसे आहेत. मग घेणाऱ्याने त्याला गुंतवणूक का म्हणावे?

आणि सगळ्यात नाजूक बाब सुट्टीच्या दिवसांची. एक खोली घ्या. वर्षाचे आठवडे बावन्न. डागडुजीला दोन सोडले तर पन्नास कुटुंबांची त्या खोलीत सोय होते. पण शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाला हवे असतात ते मे महिना, दिवाळी आणि नाताळ, म्हणजे ओढूनताणून आठ आठवडे. पन्नासांतल्या आठांची सोय झाली. उरलेल्या बेचाळिसांनी काय करायचे? याच अडचणीतून ऋतूंचे रंग निघाले आहेत. जांभळा सर्वांत मागणीचा, मग तांबडा, मग पांढरा, आणि सर्वांत उतरता निळा. जांभळ्याला पैसे अधिक. ते देऊनही अमुक ठिकाणी अमुक आठवडा मिळेलच असे नाही. सगळे जांभळेवाले एकाच वेळी फोनला बसतात. आम्हा त्र्यंबककरांना हे सांगायला नको. श्रावणातला तिसरा सोमवार वर्षातून एकदाच येतो. कुशावर्ताजवळच्या खोल्या आहेत तितक्याच, आणि देव सर्वांचा.

मी माझ्या विद्यार्थ्याला घरी चहाला बोलावले आणि हेच विचारले. "मे महिन्याचा दुसरा आठवडा, महाबळेश्वर, दोन खोल्या. लिहून देशील?" त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "सर, तुम्हाला खोटं नाही सांगणार. लिहून देता येत नाही. बहुतेक मिळेल, एवढंच." त्याचा महिन्याचा ठरलेला आकडा पुरा व्हायचा होता, हे मला नंतर कळले. तरीही तो खरे बोलला.

इथपर्यंत हिशेब माझ्या बाजूचा होता. पण आमच्या हिने एक प्रश्न टाकला आणि माझी पेन्सिल थबकली. ती म्हणाली, "तुमचं गणित बरोबर आहे. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आपण सगळे मिळून किती वेळा गेलो? पैसे भरलेले असले म्हणजे जावंच लागतं. न भरलेले पैसे दर वर्षी कशात ना कशात जिरतात." यावर अर्थशास्त्राजवळ उत्तर नाही. मी मोजून पाहिले. एकोणीस वर्षांत तीनदा, त्यांतले एकदा भावाच्या मेहुण्याच्या लग्नाला जोडून. जी मंडळी क्लबच्या सभासदत्वाबद्दल समाधानाने बोलतात त्यांचे बोलणे नीट ऐका. पैसे वाचले असे क्वचितच कोणी म्हणते. "त्या निमित्तानं जाणं होतं," असेच म्हणतात. निमित्ताचीही किंमत असते आणि ती मोजून द्यायला कोणी तयार असेल तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय काही घरांना हा व्यवहार हिशेबानेही जमतो. जे आजच नऊ-दहा हजारांच्या खोलीत उतरतात. ज्यांची मुले मोठी झाली आहेत आणि जे जुलैत किंवा फेब्रुवारीत कधीही निघू शकतात. ज्यांचे आठ महिने आधी ठरते आणि ठरलेले मोडत नाही, त्यांनी जरूर विचार करावा. ज्यांना हप्त्यांनी घ्यायचे आहे त्यांनी मात्र हप्त्यांतले व्याज माझ्या वरच्या गणितात मिळवून मग बोलावे. सुट्टीसाठी कर्ज काढणे मला तरी मानवत नाही. घ्यायचेच ठरले तर करार घरी आणून वाचा. खोल्या किती, सभासद किती, ते विचारा. वार्षिक शुल्क मागल्या दहा वर्षांत कसे वाढत गेले त्याचा कागद मागा. मुक्कामाला गेला नाहीत तरी शुल्क पडते का? न वापरलेल्या रात्री किती वर्षे पुढे नेता येतात? आणि मन बदलले तर किती दिवसांत, किती कापून पैसे परत? युरोपात २००८ च्या निर्देशानुसार असा करार केल्यावर चौदा दिवसांत काही कारण न देता मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, तेव्हा करारात जे लिहिले असेल तेच तुमचे. तोंडी सांगितलेले रिसॉर्ट, तोंडी दिलेली फुकट विमानतिकिटे कागदावर नसतील तर ती नाहीतच असे समजा.

फसगत झालीच तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. कंपनीच्या कचेरीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. साडेतीन तासांच्या त्या बैठकीतले कागद, पावत्या, फोनवरचे निरोप म्हणूनच जपून ठेवायचे.

आम्ही काय केले? चार लाख आईच्याच नावावर राहिले. त्याचे वर्षाचे जे व्याज येते, अठ्ठावीस हजारांच्या आसपास, ते हिच्या सूचनेवरून एका वेगळ्या खात्यात जाते. त्यात आम्ही दोघे भाऊ महिन्याला हजार-हजार टाकतो. त्या खात्याचे कार्ड हिच्याजवळ असते, माझ्याजवळ नाही. ही अट तिची. मुद्दल शाबूत आहे, पोरीला लागले तर हाताशी आहे.

पहिल्या वर्षी आम्ही कुठेही गेलो नाही. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले, भावाची बदली झाली आणि मे महिना निघून गेला. आमची ही काही बोलली नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. पण खात्यातले पैसे कशात जिरले नाहीत, ते तिथेच साठले. दुसऱ्या वर्षी जानेवारीतच आंजर्ल्याला एका घरगुती निवासात दोन खोल्या सांगून ठेवल्या. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळे कोकणात अशी घरे आता पुष्कळ झाली आहेत. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी आईला आडनाव आणि मूळ गाव विचारले. आईला ते फार आवडले. वही तेवढी नव्हती. पाच रात्री नऊ माणसे दोन खोल्यांत राहिली, पुतण्यांनी एक घागर फोडली, भाऊ चौथ्या दिवशी माझ्याशी वडिलांबद्दल बोलला. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

यंदा जागा ठरवण्याचा मान आईचा आहे. तिने दोन नावे काढली आहेत, औंढा नागनाथ आणि माथेरान. माथेरानला मोटार आत जात नाही, चालावे लागेल, असे मी म्हटले. त्यावर ती घोड्यांचे दर विचारून ठेव म्हणाली.